वाऱ्याची बदली

बुलेटवाल्याचं वय त्याच्या छातीवरून ओळखावं. विशीत ती उघडी असते, शर्टाची वरची दोन बटणं काढलेली. गाडी घेतलेलीच असते मुळी वारा खायला. तिशीत पुढे टाकीवर मूल, मागे बायको आणि हँडलला भाजीची पिशवी आल्यामुळे वाऱ्याला छातीपर्यंत पोचायला वाटच राहत नाही. चाळिशीत मूल उतरतं, वारा परत येतो आणि माणूस स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालायला लागतो. ही युक्ती जुनी आहे आणि खात्रीची आहे. डिसेंबरात पहाटे पुण्याहून साताऱ्याला निघायचं तर रविवारचा अंक पुरवण्यांसकट घ्यावा. बुधवारच्या अंकाची ऊब खंबाटकीच्या अलीकडेच संपते. मग पन्नाशीत कधीतरी मुक्कामाला पोचून स्वेटर काढावा, तर घामाने बनियनवर अळूवडीची कृती उलट्या अक्षरांत उमटलेली असते आणि बायको म्हणते, "एक काच का बसवून घेत नाहीस रे गाडीला?"

आमच्या बुलेटला याचा विचार १९८६ साली, जन्मताना, कोणी केलेला नव्हता. तिच्यावर माणूस ताठ बसतो. फोटोत ते रुबाबदार दिसतं, पण वाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर समोरून एक दार उघडं करून आणल्यासारखं असतं. त्यात वाऱ्याचा हिशोब सावकारी: वेग दुप्पट केला की रेटा चौपट. चाळीसच्या वेगाला जो वारा गालाला हात लावतो, तोच ऐंशीला कॉलर धरतो. इंजिन ३४६ सीसीचं, ताकद नवी असताना १८ हॉर्सपॉवर. आता त्यातले किती घोडे हयात आहेत ते मिस्त्रीला माहीत, आणि तो सांगत नाही. जे आहेत त्यांतले निम्मे माझी छाती वाऱ्यातून पुढे ढकलण्यात खर्ची पडतात असा माझा जुना संशय आहे.

पुण्यात दुचाकीचा सुटा भाग हवा असेल तर नाना पेठेत जातात. तिथे दुकानदाराने विचारलं, "कुठली गाडी?"

"बुलेट. शहाऐंशीची."

"बसेल."

मला काय हवंय ते मी अजून सांगितलेलं नव्हतं. विंडशील्ड म्हटल्यावर त्याने माळ्यावरून एक लांबट खोकं ओढलं, त्यावरची धूळ माझ्या दिशेने फुंकली आणि म्हणाला, "बुलेट, यझदी, राजदूत, स्प्लेंडर. सगळ्यांना बसते."

"एकच?"

"काच एकच असते हो. गाडी ॲडजस्ट करायची."

हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं. पुढे ते तंतोतंत खरं ठरलं.

खोक्यात होतं काय, तर एक वाकवलेली पारदर्शक काच, दोन दांड्या, चार क्लॅम्प, नटबोल्ट आणि वायसरची पिशवी, रबराचे काही तुकडे आणि एक अशी पट्टी, की जिचा उपयोग आजपर्यंत कोणालाही सांगता आलेला नाही. सोबतच्या कागदावर एका मोटरसायकलचं चित्र होतं. ती कुठली हे ओळखता येत नव्हतं. मात्र तिचं हँडल सरळ, रिकामं आणि निवांत होतं. त्यावर बाण काढून क्लॅम्प दाखवले होते.

जुन्या बुलेटच्या हँडलवर अशी मोकळी जागा शोधून दाखवावी. डाव्या बाजूला क्लच, त्याच्या शेजारी डीकॉम्प्रेशनची चिमुकली लिव्हर, मग हॉर्न-डिपरचं बटण, मग आरसा. उजवीकडे ब्रेक, ॲक्सिलरेटर, त्यांच्या केबली, दुसरा आरसा. मधे हँडलला बाक. क्लॅम्प बनवलेला २२ मिलिमीटरच्या सरळ नळीसाठी. आमची नळी २२ मिलिमीटरची आहे, पण सरळ असलेला तिचा भाग आधीच कोणी ना कोणी बळकावलेला. हेडलाइटपाशी काही टेकवावं तर तिथेही सोय नाही. हेडलाइट, स्पीडोमीटर, अँपिअर मीटर आणि दोन बारीक पायलट दिवे हे सगळं कुटुंब एकाच ओतीव टोपीत राहतं. ही टोपी रॉयल एनफिल्डने १९५४ मध्ये इंग्लंडात काढली आणि मद्रासच्या कारखान्याने ती इमानाने पुढे चालवली. दिसायला ती फार देखणी आहे. तिला भोक पाडू म्हणणाऱ्या माणसाला आमचा मिस्त्री गॅरेजमध्ये उभा करत नाही.

मिस्त्रीने काच उन्हात धरली, टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "बसवू. पण आधी हँडल पूर्ण वळवून बघू." या माणसाचं हे असं आहे. आपण समारंभाच्या तयारीत असतो आणि तो आधी ड्रेनेज कुठून जातंय ते बघतो. आरसे दोन बोटं बाहेर गेले, डिपरचं बटण खाली फिरलं, क्लॅम्पच्या आत सायकलच्या ट्यूबचे पट्टे गुंडाळले गेले आणि काच तात्पुरती उभी राहिली. मग हँडल डावीकडे वळवलं तर क्लचची केबल दांडीत चिमटली. उजवीकडे वळवलं तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाऊन इंजिन आपसूक रेस व्हायला लागलं. म्हणजे चौकात यू टर्न घेताना गाडी स्वतःच्या हिमतीवर पुढे जाणार. केबली नव्या वाटेने नेण्यात ती दुपार गेली. गाडी ॲडजस्ट होत होती.

भोकं जुळत नव्हती, हे सांगायला नकोच. मिस्त्रीने ड्रिल काढलं तेव्हा आमच्या सोसायटीतले निवृत्त सर तिथे पोचलेले होते. सरांनी बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय आणि आता त्यांना वर्ग नाही, त्यामुळे कुठेही दोन माणसं एखाद्या यंत्रापाशी वाकलेली दिसली की ते तिसरे असतात. त्यांनी सांगितलं की ही काच म्हणजे ॲक्रिलिक, ती तापली की वाढते. थंडीतली पहाट १० अंशांची आणि एप्रिलमधली दुपार ४० ची धरली, तर अर्ध्या मीटरच्या ॲक्रिलिकला एखादा मिलिमीटर जागा जास्त लागते. तेव्हा भोक बोल्टच्या मापाचं पाडलंत तर ही उन्हाळ्यात स्वतःच्याच वाढीने तडकेल.

"मोठंच पाडतोय सर," मिस्त्री मान वर न करता म्हणाला. त्याने ड्रिलच्या पात्याची धार आधीच पाणदगडावर थोडी मारून घेतली होती, कारण धारदार पातं ॲक्रिलिकमध्ये घुसताना ते ओढून घेतं आणि भोकाच्या कडेला चीर पडते. काचेमागे लाकडाची फळी लावली होती. मशीन हळू फिरवत होता. सरांचं गणित आणि मिस्त्रीचं भोक एकाच उत्तराला आलं, पण मिस्त्रीचं आधी आलं. तेवढ्यात त्याचा पोऱ्या बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून लावायच्या लॉकिंगच्या औषधाची बाटली घेऊन आला, आणि त्याला जो शब्द मिळाला तो इथे छापण्यासारखा नाही. ते औषध लोखंडाला चालतं. अशा प्लास्टिकला लागलं की बारीक चिरांचं जाळं पडतं. मग रबर, वायसर, नायलॉनचं कडं असलेले नट. हाताने घट्ट, वर पान्याने पाव फेरा, बास. बुलेट इतकी थरथरते की तिच्यावरचा प्रत्येक नट आज ना उद्या निवृत्तीचा अर्ज टाकतोच. पण काच आवळून मारली तर नटाआधी तीच जाते.

या ॲक्रिलिकचं कूळ मोठं आहे. जर्मनीत ओट्टो र्‍योमच्या कंपनीने १९३३ मध्ये ते प्लेक्सिग्लास या नावाने नोंदवलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या चालकांवरची पारदर्शक झाकणं याच पदार्थाची होती. झाकण फुटून त्याचे कण वैमानिकाच्या डोळ्यात घुसले, तर डोळा त्यांना फारसा विरोध न करता सांभाळून घेतो हे हॅरॉल्ड रिडली या इंग्लिश नेत्रतज्ज्ञाने पाहिलं, आणि त्यावरून १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात त्याने त्याच पदार्थाचं भिंग बसवलं. सरांनी ही हकिकत पार्किंगमध्येच सांगितली. ती ऐकून तळमजल्यावरच्या आजी, ज्यांचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झालीत, म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या गाडीला आणि माझ्या डोळ्याला एकच काच? मग मला एवढं लख्ख दिसतं, तुझी का अशी धुरकट?"

कारण आजींच्या डोळ्यावरून पेट्रोलपंपावरचा पोऱ्या रोज कोरडं फडकं फिरवत नाही. भरपूर पाणी, साबणाचा फेस आणि मऊ कापड, एवढंच या काचेला चालतं. हे पंपावर सांगेपर्यंत त्याचं फडकं दोनदा फिरून झालेलं असतं, आणि त्या फडक्याला पेट्रोल लागलेलं असतं ते वेगळं.

खरी लढाई उंचीवरून झाली. लोकांना वाटतं विंडशील्डमधून बघायचं असतं. तसं नाही. मोटरसायकलच्या काचेला वायपर नसतो. पाऊस आला, किडे आदळले, ट्रकने चिखल उडवला की आरपार बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून काचेची वरची कड साधारण नाकाच्या उंचीला ठेवायची आणि नजर तिच्यावरून जाऊ द्यायची. मात्र नाक कुठे आहे यावर आमच्या पार्किंगमध्ये एकमत होईना. सोसायटीच्या सेक्रेटरींना काच कपाळापर्यंत हवी होती, कारण पैसे दिलेत तर पूर्ण झाकून घ्यावं. वॉचमनला ती छातीपर्यंतच हवी होती, कारण साहेब ओळखू आले पाहिजेत. सरांनी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि माझ्या नाकासमोर धरला. एवढी माणसं बघत असल्यावर कोणीही ताठ बसतो. मी तर श्वासही वर ओढून धरला होता.

मिस्त्री काही बोलला नाही. त्याने बिडी पेटवली, सीटवर हात टेकला आणि मुलीच्या डिप्लोमाच्या ॲडमिशनचं विचारलं. कुठलं कॉलेज, फी किती, होस्टेल घ्यावं का एसटीचा पास काढावा. मी सांगत गेलो. बोलता बोलता पाठ सैल झाली, पोट पुढे आलं, मान खांद्यात बसली. तेव्हा त्याने खडू काढून काचेच्या दांडीवर खूण केली. "तुम्ही चालवताना असे बसता," म्हणाला. ओळंब्याच्या खुणेपेक्षा ही खूण चांगली चार बोटं खाली होती. सगळ्यांनी ती पाहिली. मला वाटतं, आजींनी सुद्धा.

मग रस्ता. पहिले काही किलोमीटर कौतुकात गेले. छातीवर शांतता, स्वेटर जागच्या जागी, डोळ्यांत पाणी नाही. पन्नासच्या पुढे हेल्मेट खडखडायला लागलं. आधी बारीक, मग कोणी मागून टपल्या मारावं तसं. वारा गेलेला नव्हता, त्याची फक्त बदली झाली होती. छातीवरून उठून तो काचेच्या कडेवरून वर चढत होता आणि कड सोडताना भोवरे करून माझ्या डोक्यावर हजर होत होता. पोटापाशी त्याला अजिबात कामकाज नव्हतं, वरच्या कार्यालयात मात्र गर्दी. सरांचं म्हणणं पडलं की काचेआड हवेचा दाब कमी होतो, म्हणून वरची हवा आत कोसळते. खालून थोडी हवा आत येऊ द्या, भांडण मिटेल. काच दोन बोटं वर उचलून खाली फट ठेवली, जरा मागे कलती केली, तर खरंच बरंच मिटलं. उरलेला वारा माझ्यावरून सरळ पलीकडे जायला लागला.

पलीकडे बायको बसते. ती माझ्यापेक्षा वर बसते, कारण बुलेटची मागची सीट उंच आहे. "तुझा वारा माझ्याकडे पाठवू नकोस," तिने शिरवळच्या आधीच सांगितलं, आणि ते मला स्पष्ट ऐकू आलं. या काचेचा खरा परिणाम हा.

वारा एवढी वर्षं काय काय झाकत होता ते तो गेल्यावर कळलं. साठच्या वेगाला कानात फक्त घोंघावतं, त्यामुळे जुनी गाडी तब्येतीने छान वाटते. काचेआड आल्यावर मला इंजिन ऐकू यायला लागलं. टॅपेट वाजतात. चेन कव्हरला घासते. टूलबॉक्समध्ये एक पाना सुटा आहे आणि तो खड्डा नसतानाही बोलतो. तिसऱ्या गियरला पुढच्या मडगार्डाच्या पट्टीतून एक सूर निघतो, चौथ्यात जातो. वारा असताना मी समाधानी मालक होतो. काच लागल्यावर दर दहा किलोमीटरला गाडी बाजूला घेऊन मान वाकडी करून ऐकणारा रुग्ण झालो. मिस्त्रीकडे तक्रारींची यादी घेऊन गेलो तर तो म्हणाला, "हे आवाज आजचे नाहीत. तुम्ही आज आलात."

मागच्या सीटवरचंही तसंच. पूर्वी पन्नासच्या वर बायको काही बोलली की मी "हं" म्हणायचो आणि तो हुंकार होकार, नकार, खेद, कौतुक सगळ्यांना पुरायचा. आता प्रश्न ऐकू येतो. प्रश्न ऐकू आला की उत्तर लागतं. कात्रजपासून खंबाटकीपर्यंत आम्ही घराचं रंगकाम, तिच्या आत्याकडचं लग्न आणि मी बँकेत न नेलेला फॉर्म हे विषय संपवले, आणि हे सगळं तिने कपाळावर वारा झेलत केलं, याची नोंद घ्यायला हवी.

शहरात काचेचा वेगळाच फायदा. आमच्या लहानपणी काच लावलेली बुलेट म्हणजे पोलिसांची किंवा मंत्र्यांच्या ताफ्यापुढची, आणि ती स्मृती अजून लोकांच्या पोटात आहे. सिग्नलला मी शेजारी उभा राहिलो की मोटारवाले मोबाइल मांडीखाली घालतात. एकदा समोरून उलट्या दिशेने येणारी ट्रिपल सीट पोरं मला पाहून जागच्या जागी वळली आणि गाडी ढकलत न्यायला लागली, म्हणजे चालवतच नव्हती. खऱ्या पोलिसाने मात्र मला थांबवलं. कागद पाहिले नाहीत. "काच कुठे मिळाली? आमच्या गाडीची तडकलीय," म्हणाला.

तीच गत वाहन तपासणीला. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, ग्रीन टॅक्स भरावा लागतो आणि गाडी साहेबांसमोर उभी करावी लागते. साहेबांनी चेसिस नंबर पाहिला, दिवे पाहिले आणि काचेसमोर थांबले. माझ्या पोटात गोळा. त्यांनी काचेवरून पाहिलं, आरपार पाहिलं, मग हळूच गाडीवर बसून पाहिलं. "थोडी खाली घ्या," म्हणाले, आणि शिक्का मारला. साहेबांचं नाक माझ्यापेक्षा खाली होतं.

काचेची परीक्षा घ्यायची तर साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करून वर चाळकेवाडीच्या पठारावर जावं. तिथे ओळीने पवनचक्क्या उभ्या आहेत. अभ्यास करून, मोजमाप घेऊन, इथे वारा भरपूर आहे अशी खात्री झाल्यावर मोठ्या खर्चाने लोकांनी त्या उभारल्या. त्या खात्रीच्या जागी मी हँडलला एक आडवं शीड बांधून गेलो. समोरून वारा होता तोवर ठीक. रस्ता वळला आणि वारा कुशीत आला. काच हँडललाच धरलेली असल्यामुळे वारा आता गाडीला ढकलत नव्हता, थेट स्टिअरिंग करत होता. मी सरळ जाण्याचा प्रस्ताव मांडायचो, तो उपसूचना मांडायचा. रस्त्याच्या कडेला जांभा, पलीकडे गवत, त्यापलीकडे एक म्हैस. म्हशीने आमच्याकडे बघितलं आणि तिला वाऱ्याचा अंदाज आमच्यापेक्षा आधी आला असावा, कारण ती बाजूला झाली. चाळीसच्या खाली वेग आणून, हँडल सैल धरून, आम्ही चहाच्या टपरीपर्यंत पोचलो. घट्ट धरलं की गाडी जास्त वळवळते. हे तिथल्या एका एसटी ड्रायव्हरने सांगितलं, आणि गाडी काय आणि माणूस काय, असं काही तो पुढे म्हणणार होता, तेवढ्यात त्याचा कंडक्टर आला.

पावसात काच बरी. छातीचा रेनकोट कोरडा राहतो, गुडघे मात्र भिजतात, आणि नाकाच्या उंचीचा नियम तेव्हा मनोमन पटतो. रात्री काचेतून बघू नये. समोरच्या हेडलाइटचा प्रकाश पंपावरच्या फडक्याने काढलेल्या प्रत्येक रेघेत शिरतो आणि अख्खी काच उजळते, तिच्याआडचा रस्ता सोडून.

मार्च उजाडला आणि काच गरम व्हायला लागली, म्हणजे मी व्हायला लागलो. इंजिन खालून ऊब पाठवतं, वारा येत नाही, सिग्नलला घाम ओघळतो. मिस्त्रीने चार नट काढून ती पाच मिनिटांत उतरवली. चढवायला किती वेळ लागला होता ते आम्ही दोघांनीही काढलं नाही. माळ्यावर जागा नव्हती, पलंगाखाली ती वाकल्यामुळे मावत नव्हती. बायकोने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि गच्चीवर घेऊन गेली.

आता तिच्याखाली कुरडया वाळताहेत. दांड्या कठड्याच्या नळीला क्लॅम्पने घट्ट बसवल्यात. ती नळी सरळ आणि पूर्ण रिकामी आहे, त्यामुळे एकही वायसर जास्तीचा लागला नाही. कावळ्याने एकदा वरून उतरायचा प्रयत्न केला, चोच आपटली आणि निघून गेला. वारा खालून यावा म्हणून तिने फट ठेवलीय. सर वर येऊन पाहून गेले, फट बरोबर आहे म्हणाले. ती उपयोग न कळलेली पट्टीसुद्धा तिने कुठेतरी लावलीय. पावसाळ्याआधी काच परत हवी असेल तर मे महिन्यातच सांग, असं मला कळवण्यात आलंय, कारण कुरडयांनंतर सांडगे आहेत.